हंबीरचे पाय

एकदा एका तालमीत एक वृद्ध वस्ताद होते आणि त्यांचे दोन आवडते शिष्य एकमेकांची जोड म्हणून सराव करीत. संध्याकाळी मेहनत संपली की जोडीदारांनी एकमेकांच्या पोटऱ्या रगडायच्या, मगच ताटावर बसायचे, असा तिथला दंडक होता.

पुढे दोघांपैकी एकाला, हंबीरला, परदेशातल्या एका व्यावसायिक कुस्तीसंघाने करारावर नेले. मागे राहिलेल्याच्या मनात काटा रुतला.

हंबीर फोटो पाठवी. बसची खिडकी, बाहेर बर्फ, काचेला टेकलेले हसरे तोंड. शिष्य ते फोटो पुन्हा पुन्हा उघडी आणि दर वेळी चिडून बंद करी. त्या संघाच्या निवडीच्या दिवशी आपला खांदा दुखत नसता तर त्या खिडकीत आपण असतो, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्यात तालमीतली पोरे डिवचत, “काय रं, तुझी जोड बर्फात आणि तू अजून मातीतच?” हळूहळू त्याने हंबीरचे फोन घेणे सोडले.

एके दिवशी तो वस्तादांजवळ बोललाच. “त्याला कसले कष्ट, वस्ताद? आठवड्याला एक कुस्ती. बाकी नुसतं गाडीत बसून गावं बघायची.”

वस्ताद दोरीवर लंगोट वाळत घालत होते. “बसून जायला तुलाही आवडेल?”

“कुणाला नाही आवडणार?”

“बरं,” वस्ताद म्हणाले.

पुढच्या रविवारी घाटापलीकडच्या एका गावात वजनी गटाच्या कुस्त्या होत्या. सगळे आदल्या दिवशीच निघाले. याला मात्र वस्तादांनी सांगितले, “तू उद्या वडापनं ये. मागच्या बाकावर बस. मध्ये उतरू नकोस. आणि वजन द्यायचंय, तेव्हा पाणी बेतानं.”

वडाप म्हणजे माणसे कोंबून धावणारी जीप. गुडघे छातीशी, मांडीवर पिशवी, खांद्यावर शेजाऱ्याची डुलकी, अशा अवस्थेत तो दुपारी पोहोचला. वजन झाले आणि लगेच नाव पुकारले गेले. समोरच्याला त्याने पूर्वी सहज लोळवले होते. पण पट काढायला, म्हणजे त्याचा पाय धरून ओढायला, वाकला, तोच पोटरीत गोळा आला. क्षणात पाठ मॅटला लागली.

तो कडेला येऊन बसला. “तुम्ही मला मुद्दाम हरवलंत, वस्ताद.”

वस्ताद समोर बसले, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पोटरी रगडू लागले. शिष्य दचकला. गुरूचे पाय शिष्याने चेपायचे, हे उलटेच काय?

“सोडा, वस्ताद. पाप लागेल मला.”

“गप बैस. हंबीरची बस तुझ्या वडापहून मोठी आणि काच स्वच्छ, फरक एवढाच. लढायचं, अंग निवायच्या आत बसमध्ये चढायचं, उतरलं की पुन्हा वजन. तू एकदा आलास, त्याचं सगळं वर्षच असं. तुझे पाय धरायला मी आहे. त्याचे तिथं कोण धरतं?”

शिष्याला फोटो आठवले. एकाही फोटोत हंबीरचे पाय नव्हते.

तो पुटपुटला, “पण जायचं तर मलाही होतं, वस्ताद.”

“मग जा की, बाळा. मी कुठं अडवतो? हेवाही कर. पण करायचा तर सगळ्याचा कर. खिडकीचा आणि पोटरीतल्या गोळ्याचाही. अर्ध्याचाच हेवा करणारा माणूस स्वतःलाच फसवत असतो.”

त्याच संध्याकाळी शिष्याने फोन लावला. पलीकडे बसची घरघर होती.

“लई दिवसांनी आठवण झाली रं,” हंबीर म्हणाला. “रविवारचं मैदान कुणी मारलं?”

“ते राहू दे. पोटऱ्या कशा हायेत?”

पलीकडून अगदी हळू, लहान मुलासारखे उत्तर आले, “उजवी लई दुखतीय.”

“पाय वर घे. अंगठ्यानं दाब. टाचेकडनं वर, गुडघ्याकडं. घाई करू नको.”

हेवा त्या दिवशी पुरता निमाला, असे नाही. पण बोलता बोलता त्याचा स्वतःचा अंगठा आपल्याच पोटरीवर, टाचेकडून वर, सावकाश फिरत होता.

ज्याची खिडकी आपल्याला सलते, त्याच्या पायांची विचारपूस आधी करावी.