कोरं घर

फार पूर्वी एका संगणकात फाइल ठेवून घेणारी एक खिडकी राहत असे. फाइलचं नाव वाचताना कोरं घर, म्हणजे अक्षरांपुढची रिकामी जागा, येईपर्यंत थांबायचं नाही, हा तिचा नेम.

तिथे एक नवा प्रोग्राम आला. त्याच्याकडची रीत वेगळी: आधी नावात किती अक्षरं तो आकडा सांगत, मग नाव; शेवटी कोरं घर सोडत नसत. तो वसुमतीबाईंनी लिहिलेली व्रतकथा ठेवायला घेऊन आला. नावामागे कोरं घर सापडेना, म्हणून खिडकी वाचत सुटली, तिने शेजारची अक्षरंही नावात ओढली.

“एवढं नाव माझ्याकडे मावत नाही, भाऊ.”

“आकडा सांगितला होता, ताई.”

“आमच्यात आकडा ऐकत नाहीत.”

वीज जायच्या बेतात होती. गेली तर कथा पुसली जाणार. प्रोग्रामने आपला नेम मोडू नये म्हणून आकडा मनातच म्हटला आणि नावामागे एक घर कोरं सोडलं. खिडकी तिथे थांबली आणि वीज जायच्या आत तिने कथा ठेवून घेतली.

गेलेली वीज परत आल्यावर वसुमतीबाईंनी कथा उघडून वाचली. कुणाचा नेम खरा, याची चौकशी त्यांनी केली नाही.