हंसिकेने विरजणाला दिलेला शाप

पूर्वी, कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाने अजून पुरते डोळे उघडले नव्हते, त्या संधिकालात पयोधा नदीच्या खोऱ्यात चार वस्त्या नांदत होत्या. उत्तर तीरावर वेदघोषाने दुमदुमणारा मुनींचा आश्रम होता आणि दक्षिण तीरावर जाळी विणणाऱ्या निषादांची घरे. वरच्या अरण्यात मध आणि औषधी गोळा करणारे नाग राहत, आणि खाली, जिथे नदी वळणावर चिकणमाती टाकते तिथे, कुंभारांची चाके फिरत. कामधेनूची कन्या हंसिका आश्रमातल्या कदंबाखाली राहत असे, आणि तिच्या कृपेने चारही वस्त्यांतल्या गाई दुधाने ओथंबलेल्या असत. तिची अट एकच होती. आश्विन पौर्णिमेला मध्यान्ही ताज्या, घट्ट दह्याची आहुती अग्नीत पडली पाहिजे. ती चुकली, तर हंसिका गोलोकी परतणार आणि तिच्यामागे खोऱ्यातले दूधही जाणार.

या दह्याची एक रीत होती. आश्रमाची आद्यमाता अर्चिष्मती हिने ती घालून दिली होती. दर पौर्णिमेला प्रत्येक घरातले दह्याचे मडके धुऊन पालथे घालायचे आणि विरजण दुसऱ्या वस्तीतून आणायचे. एका महिन्यात निषादांचे विरजण मुनींकडे, मुनींचे नागांकडे, नागांचे कुंभारांकडे, कुंभारांचे निषादांकडे. पुढच्या महिन्यात फेरा बदलायचा. काय ते दिवस होते! नागांकडून विरजण आले की दह्याला रानफुलांचा मंद गंध यायचा, कुंभारांकडचे भाजल्या मातीची चव घेऊन यायचे, निषादांचे थोडे आंबट, पण सुरीने कापावे असे घट्ट. जिभेवर दही ठेवताच मुले सांगायची, या खेपेची पाळी कोणाची. दधिहोम झाला की सारे एकाच पंक्तीला बसत, आणि कोणाच्या शेजारी कोण बसला, याची कोणी आठवणही ठेवत नसे.

मग कुलपती दीर्घव्रत बारा वर्षांचे तप आटोपून परतले. जटा वाढल्या होत्या, तेज वाढले होते, आणि त्याबरोबर सोवळेही वाढले होते. ज्येष्ठ पौर्णिमेला निषादांची वृद्ध कंकती नेहमीप्रमाणे पानाच्या द्रोणात विरजण घेऊन आली, तेव्हा महर्षी दारातच आडवे उभे राहिले.

"थांब! त्या द्रोणात काय आहे?"

"विरजण, महर्षे. या महिन्यात पाळी आमची."

"देवांच्या मुखी जाणाऱ्या हविर्द्रव्यात मासे धरणाऱ्या हातांचा अंश? आजवर घडले ते अज्ञानाने घडले. यापुढे आश्रमाचे विरजण आश्रमातच राहील."

कंकती हसली. "लहानपणी याच हातचं दही तुम्ही बोटांनी चाटून खाल्लंत, महर्षे. तेव्हा अज्ञान गोड लागत होतं वाटतं."

आतल्या वृद्ध मुनींनी कानांवर हात ठेवले. कंकतीने द्रोण तसाच उचलला आणि ती आली त्या वाटेने निघून गेली. दुसऱ्याच दिवशी आश्रमाभोवती काटेरी कुंपण पडले.

दीर्घव्रतांची कन्या सुवर्चा तेवढी गप्प बसली नाही. "तात, आद्यमातेने घालून दिलेली रीत कोणत्या श्रुतीच्या आधाराने मोडता?"

"वत्से, तू अजून लहान आहेस."

"मी आधार विचारला होता. वय नव्हे."

युक्तिवाद संपला की ज्येष्ठांना समोरच्याचे वय आठवते. हे त्या पुण्ययुगातही असेच होते.

पहिल्या महिन्यात दही नेहमीसारखे लागले आणि वृद्ध मुनी विजयी मुद्रेने जेवले. दुसऱ्या महिन्यात त्याला पाणी सुटले. तिसऱ्या महिन्यात पळी वर उचलली, तर दह्याची लांबच लांब चिकट तार तिच्याबरोबर वर आली. मुनींनी मडके बदलले. मंत्र बदलले. गाईच्या चाऱ्याला दोष दिला, ऋतूला दिला, शेवटी सुवर्चेच्या वाचाळपणाला दिला. विरजण बदलण्याचे मात्र कोणी बोलले नाही. कुंपणापलीकडच्या तीन वस्त्यांत फेरा चालूच होता, आणि तिथले दही घट्ट लागत होते.

आश्विन पौर्णिमेचा सूर्य उगवला. होमासाठी ठेवलेल्या दह्याला दुर्गंध सुटला होता. कदंबाखाली हंसिका उठून उभी राहिली आणि तिने गोलोकाच्या दिशेला तोंड केले. वासरांनी हंबरडा फोडला. ते पाहताच सुवर्चेने कुंपणाचे काटे हातांनी बाजूला सारले आणि रक्ताळलेल्या तळव्यांनीच नाव वल्हवत ती निषादांच्या वस्तीत पोहोचली.

"आजी, विरजण दे. मध्यान्हीच्या आत दही लागलं नाही तर हंसिका जाते."

कंकतीने आधी तिचे हात धुतले, त्यांवर पाला बांधला. मग म्हणाली, "पोरी, तुला द्यायला मला क्षण लागणार नाही. पण तू मागितलंस, तर तुझा बाप उद्या पुन्हा कुंपण घालेल. ज्याने दारातून परत पाठवलं, त्याने दारात येऊन मागावं."

"ते येणार नाहीत."

"मग गाय जाईल. माझीही जाईल. मला काय ते कळत नाही?"

सुवर्चा परत आली आणि तिने सर्वांसमक्ष निरोप सांगितला. दीर्घव्रतांचे नेत्र क्रोधाने आरक्त झाले. ओठांवर शाप आला. त्याच क्षणी हंसिकेने पहिले पाऊल टाकले आणि आश्रमातल्या साऱ्या गाईंच्या कासा एकदम आटल्या. महर्षींनी भुकेने आक्रंदणाऱ्या वासरांकडे पाहिले. मग ओठांवरचा शाप गिळून ते नावेत बसले.

कंकतीच्या झोपडीसमोर ते उभे राहिले. त्यांच्या हातात रिकामी वाटी होती. कितीतरी वेळ त्यांच्या तोंडून अक्षर फुटेना.

"काय हे, महर्षे!" कंकती आतूनच म्हणाली. "चार वेद मुखोद्गत, आणि 'विरजण दे' एवढे दोन शब्द येईनात?"

जमलेले निषाद हसले. दीर्घव्रतांची मान खाली गेली. "माते," ते म्हणाले, "मी तुला दारातून परत पाठवले. मी चुकलो. विरजण दे."

कंकतीने वाटी भरून दिली. पहाटेच काढून ठेवलेले दूध कोवळ्या उन्हात विरजले गेले, आणि मध्यान्हीला सुरीने कापावे असे दही अग्नीत पडले. धेनूंच्या कासा पुन्हा भरल्या. चारही वस्त्या कुंपण ओलांडून पंक्तीला बसल्या. तेव्हा हंसिका मनुष्यवाणीने बोलली:

"मी थांबले आहे, परंतु हे मी विसरणार नाही. आजपासून माझा शाप आहे की कोणत्याही घरचे विरजण त्या घरात कायम टिकणार नाही. कूळ कितीही उंच असो, एक ना एक दिवस त्याचे विरजण नासेल, आणि त्या घराला वाटी घेऊन शेजारच्या दारात उभे राहावेच लागेल."

"देवी!" दीर्घव्रत कळवळून म्हणाले, "अपराध माझा एकट्याचा. शाप सर्वांना का?"

"कारण हा अपराध तुझ्यापाशी संपणार नाही," हंसिका म्हणाली.

आता पयोधेचे ते खोरे कोठे होते, हेही कोणाला सांगता येत नाही. ती पंक्ती उठून गेली, फेरा मोडला, आणि काटेरी कुंपणे किती प्रकारांनी घालता येतात हे नंतरच्या युगांतल्या वडीलधाऱ्यांनी दाखवून दिले. तरीही घराघरांत अचानक दही बिघडते, आणि कोणीतरी वाटी घेऊन शेजारचे दार ठोठावते. हंसिकेचा शाप अजून उतरलेला नाही. देवाने तो कधीही उतरवू नये.