उतरणशिळा

सातचूल गावाच्या वरच्या अंगाला, जिथे गुरांची वाट संपते, तिथे पुरुषभर उंचीची एक काळी सपाट शिळा आहे. तिला पाच पायऱ्या खोदलेल्या आहेत. पाहुणे वर चढतात आणि दरीपलीकडच्या साक्षीकड्याला हाका मारतात. शहरातल्या माणसांना मोकळी जागा दिसली की ओरडल्याशिवाय करमत नाही. गावकरी हसून बघतात, कारण कडा कुणाचंही नाव परत करतो. पण दसऱ्याच्या दिवशी मात्र कुणी पाहुणा शिळेवर चढू लागला, तर त्याला दंडाला धरून बाजूला करतात, मग तो कितीही मोठा असो. आणि सगळे चढतात त्या शिळेला उतरणशिळा का म्हणता, असं विचारलं, की जुनी माणसं लुमाजीची गोष्ट सांगतात.

लुमाजीच्या काळी इथे गाव नव्हतं. खालच्या खोऱ्यात एक मोठी वस्ती होती आणि तिच्या उरावर बसलेला एक पाटील होता. पाटलाचा खापरपणजा म्हणे देवमाणूस होता. पणजा बरा होता. आजाबद्दल लोक फारसं बोलत नसत. आणि हा जो होता, त्याने कणग्या तर रिकाम्या केल्याच, पण ठमाई नावाच्या विधवेची एकुलती पोर वाड्यावर कामाला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. त्या वर्षी सात घरांनी डोंगर चढला. निघताना आधी जाती उचलली, असं सांगतात. जातं मागे राहिलं की माणूस दळणासाठी का होईना, परत जातो.

वर सात चुली पेटल्या आणि लगेच प्रश्न पडला, आता इथे सांगायचं कुणी आणि ऐकायचं कुणी. तीन दिवस नुसतं बोलणं चाललं. शेवटी तीन बोल ठरले. कारभारी सगळ्यांनी निवडायचा, पण तीन पावसाळ्यांपुरता. त्याच्या मागे त्याच्या रक्ताचं माणूस बसवायचं नाही. आणि बैठकीत कारभाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, म्हणजे त्याचं तोंड बघून कुणी आपलं मत बदलणार नाही. हा तिसरा बोल लुमाजीने सुचवला होता. पहिला कारभारी म्हणून त्यालाच निवडलं, तेही बहुधा त्यामुळेच.

हे सगळं लिहून ठेवायला अक्षर येणारा एकही जण नव्हता. तेव्हा ठमाई म्हणाली, "कागद कशाला पायजे? कागदाला वाळवी लागती. कड्याला सांगा."

तो दसऱ्याचा दिवस होता. ऊन कलायला लागल्यावर लुमाजी शिळेवर चढला आणि त्याने तिन्ही बोल कड्याला ओरडून सांगितले. त्याला पडसं झालं होतं, दुसऱ्या बोलाच्या मध्येच तो खोकला. शिळेखाली त्याची बायको येसाई तीन महिन्यांच्या भिवरीला घेऊन उभी होती. बापाच्या आवाजाने पोर दचकली आणि रडायला लागली. कड्याने बोल परत केले, खोकला परत केला आणि पोरीचं रडणंही. सगळे हसले. चला, हिनेही साक्ष दिली, असं म्हणाले.

त्याच हिवाळ्यात भिवरी गेली. डोंगरावर वैदू नव्हता, उबेला पुरेसं पांघरूण नव्हतं. इथे यायचं लुमाजीने ठरवलं होतं. येसाईने त्याला कधी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जड जात असे.

तिसऱ्या वर्षी पाटलाचे स्वार सात घरांना परत न्यायला आले. लुमाजीने खिंडीतून धोंडे लोटून त्यांना असं पिटाळलं, की पुन्हा कुणी वर बघितलं नाही. महिन्याभरात दसरा आला. त्याची मुदत संपत होती. बैठकीत पाच घरं एका सुरात म्हणाली, आता दुसरा कारभारी नको. लुमाजीच राहू दे, आणि त्याच्यामागे त्याचा थोरला. आपणच केलेले बोल आहेत, आपणच बदलू. त्या बिचाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जीव वाचवणाऱ्याला माणूस आणखी काय देणार?

एकटी ठमाई उठली. "खालचा पाटील काय आभाळातून पडला व्हता? त्याच्या खापरपणज्याला आपल्याच माणसांनी हात जोडून बसवला. तोबी चांगलाच व्हता."

मग लुमाजीची पाळी आली. शेवटी बोलायचा नियम त्याचाच. एकदा 'नाही' म्हणाला असता, तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण तो म्हणाला, "गावाची मर्जी." असं म्हणताना आत कुठेतरी गोड वाटलं, आणि ते त्याचं त्यालाच कळलं.

ऊन कलल्यावर तो शिळेवर चढला. कड्याकडे तोंड करून ओरडला, "आजपास्नं लुमाजीच कारभारी. त्याच्यामागं त्याचा ल्योक."

कडा बोलला नाही.

तो पुन्हा ओरडला. काहीच नाही. कुत्री शेपूट पायांत घालून येसाईमागे बसली. झाडावरची पाखरं गप्प झाली, वारा पडला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग, इतक्या उशिराने की हाकेचा तो पडसाद असूच शकत नव्हता, कड्यातून आवाज आला. आवाज लुमाजीचाच होता. पण शब्द आजचे नव्हते. तीन पावसाळे, त्यापुढं एक दीस न्हाई. कारभाऱ्याच्या रक्ताचं... इथे तो आवाज खोकला. लुमाजीला त्या दिवशी खोकला नव्हता.

तिसरा बोल संपला आणि कड्यातून तान्हं मूल रडायला लागलं.

येसाईच्या हातातलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, खाली पडलं. आईला आपल्या लेकराचं रडणं ओळखायला वेळ लागतो किती? रडणं थांबेना. लुमाजी घाबरून शिळेच्या कडेला सरकला, एक पाय खाली सोडला, तसं ते बारीक झालं. पाय वर घेतला, तसं पुन्हा मोठं झालं. सगळ्यांच्या ध्यानात आलं. तो वर असेतोवर पोर रडणार होती.

येसाई शिळेला धरून उभी राहिली. आयुष्यात तिने नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, असं सांगतात. "उतरू नका, धनी," ती म्हणाली. "एवढ्यात नका उतरू. ऱ्हावा तुम्हीच कारभारी."

लुमाजी किती वेळ तसा उभा होता, ते कुणी मोजलं नाही. कारभाराची हौस तर केव्हाच विरली होती. आता त्याला धरून ठेवलं होतं ते निराळ्याच गोष्टीने. खाली सात घरं वाट बघत होती.

"ती हितं न्हाई, येसा," तो म्हणाला. आणि उतरला.

रडणं तुटलं. येसाई मटकन खाली बसली. ठमाईने तिला पोटाशी धरलं, दुसरं कोण धरणार होतं? पुढचा कारभार सगळ्यांनी ठमाईवर सोपवला. तिने शिळेवरून तेच तीन बोल सांगितले आणि कड्याने ते तिच्याच आवाजात परत केले.

लुमाजी त्यानंतर कधी बोलला नाही. वाचा गेली की त्याने सोडली, याबद्दल गावात दोन मतं आहेत. उरलेली सगळी वर्षं तो छिन्नी घेऊन या पाच पायऱ्या खोदत राहिला. चढायला पायऱ्या लागत नाहीत, तो तर तसाच चढला होता. त्याने त्या उतरणाऱ्यासाठी केल्या.

आजही दर तिसऱ्या दसऱ्याला जुना कारभारी तीन बोल सांगून उतरतो, नवा चढतो, आणि उतरलेला माणूस सव्वा महिना मौन पाळतो. सरकारी निवडणूक वेगळी, हे वेगळं. मुदत संपल्यावर त्या शिळेवर कुणी रेंगाळला, तर कड्यातून ज्याला त्याला आपलं गेलेलं माणूस ऐकू येतं, म्हणे. खरंखोटं कड्याला माहीत. पण उतरणारा कारभारी, बाई असो की बाप्या, शेवटच्या पायरीवर घटकाभर थांबतो, मान कड्याकडे वळवून. तेव्हा गावातलं कुणी त्याला घाई करत नाही.