चाकापुढचा दगड

एकदा एका वाहतूकदाराला सरकारी पत्र आले. येत्या सोमवारी सुरक्षा तपासणी होईल, गाड्या आणि नोंदवह्या तयार ठेवाव्यात, एवढाच मजकूर होता. घाटाच्या पायथ्याशी त्याचा अड्डा होता. अकरा ट्रक होते आणि त्यांच्यावर तीस-पस्तीस घरे चालत होती. तपासणीत नापास झाला तर गाड्या जागच्या जागी थांबणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

माणूस वाईट नव्हता. घाईत मात्र होता, आणि घाईतल्या माणसाला वाईट व्हायला फारसा वेळ लागत नाही. गाडी सुटण्यापूर्वी रोज तिची तपासणी करावी आणि वहीत नोंद ठेवावी, असा नियम आहे. त्याची वही वर्षभर कोरीच होती. त्याने कारकुनाला बसवले आणि तीन दिवसांत वर्षभराच्या नोंदी करवून घेतल्या. ब्रेक ठीक, हँडब्रेक ठीक, दिवे ठीक. कारकूनही बिलंदर निघाला. त्याने चार वेगवेगळी पेने वापरली आणि पावसाळ्यातल्या पानांवर पाण्याचे थेंबसुद्धा शिंपडले. मालकाने प्रत्येक पानाखाली सही केली.

मग त्याचे लक्ष दगडांकडे गेले. उतारावर ट्रक उभा केला की ड्रायव्हर चाकापुढे दगड लावतो, ही या धंद्यातली जुनी रीत. त्याच्या प्रत्येक गाडीचा स्वतःचा दगड होता, आणि तो केबिनमधून गावोगाव हिंडत असे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे मालकाचे झाले. तपासणीच्या साहेबाने दगड पाहिले तर हँडब्रेक गाडी धरतो का, याची चौकशी करील, अशी त्याला धास्ती पडली. त्याने गाड्या सपाटीवर नेऊन लावल्या, दगड गोळा करवले, त्यांना चुना फासला आणि फाटकाजवळच्या मोगऱ्याभोवती गोल मांडून टाकले. अड्ड्याला शोभा आली, हे नाकारता येत नाही.

रविवारी त्याने आपल्या वस्तादांना बोलावले. तरुणपणी सहा वर्षे ट्रकखाली पाठ टेकून तो ज्यांच्यापाशी हे काम शिकला, ते हे वृद्ध मिस्त्री. “एकदा नजर टाका, वस्ताद, काही राहून जायला नको,” तो म्हणाला. खरे तर त्याला शाबासकी हवी होती.

वस्तादांनी वही चाळली. “अक्षर सुरेख आहे,” ते म्हणाले. मोगऱ्यापाशी ते जरा रेंगाळले.

इतक्यात सोपान ड्रायव्हर फेरी करून परतला. दोन दिवस बाहेर असल्याने त्याला नवा हुकूम माहीत नव्हता. त्याने माल भरलेली गाडी नेहमीप्रमाणे उतारावर उभी केली, खाली उडी मारली आणि पुढच्या चाकाला दगड लावला.

“अरे सोपान!” मालक ओरडला. “काढ तो दगड आधी! गाडी सपाटीला घे. उद्या साहेब यायचाय, माझी लाज घालवतोस काय?”

“घेतो की मालक,” म्हणत सोपान वळला, तेवढ्यात वस्तादांनी हात वर केला. ते शांतपणे उताराकडे गेले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे चाकापासून हातभर खाली अंथरले आणि तिथेच मांडी घातली. मालकाला काही उमगेना.

“या गाडीचा हँडब्रेक वहीत कसा लिहिलाय?” वस्तादांनी विचारले.

“ठीक लिहिलाय.”

“सही कुणाची?”

“माझीच.”

“मग सोपानला कशाला त्रास? तूच काढ दगड.”

मालक ओशाळून हसला आणि वाकला. त्याने दगडाला हात लावला. टायर दगडावर पुरता रेलला होता. हाताखालून शेकडो गाड्या गेलेल्या, त्यामुळे त्याला त्या एका स्पर्शात कळले. गाडी हँडब्रेकवर उभी नव्हती, दगडावर उभी होती. त्याचा हात हलेना. सोपान दुसरीकडे पाहत राहिला, मालकाची अब्रू राखण्यासाठी.

“वस्ताद, उठा तिथून. हात जोडतो.”

वस्ताद उठले नाहीत. ते म्हणाले, “मी चाकापुढे बसलो तर तुझा हात थांबला. सोपान हीच गाडी घेऊन घाट उतरतो, मग सही करताना तो का नाही थांबला? दगडात लाज वाटण्यासारखे काही नाही रे. तुझ्या वहीत ज्या ड्रायव्हरांना जागा नव्हती, त्यांनी आपली तक्रार चाकाखाली लिहून ठेवली होती. तू त्या तक्रारींना चुना लावलास आणि मोगऱ्याभोवती मांडल्यास. साहेब उद्या येईल नि संध्याकाळी जाईल. घाट इथेच आहे.”

मालकाला मान वर करवेना. लहानपणी चोरी पकडली गेल्यावरही त्याला इतके मेल्याहून मेल्यासारखे झाले नव्हते. त्याने विचारले, “सोपान, कधीपासून धरत नाही हा हँडब्रेक?”

सोपान चाचरला. “दिवाळीच्या आधीपासनं, मालक. तीनदा सांगितलं होतं की तुम्हाला. तुम्हीच म्हणालात, दगड लाव आन् चल.”

हे शब्द त्याला आठवले. दर वेळी तो फोनवर बोलत होता, हेही आठवले.

सोमवारी साहेब आले. मालकाने वही पुढे केली आणि म्हणाला, “साहेब, ही वही खोटी आहे. गेल्या आठवड्यात बसून लिहिलेली आहे. कारकुनाचा दोष नाही, सांगणारा मी.” साहेबांनी वही बाजूला ठेवली. मग ते एकेका गाडीखाली शिरले. पाच गाड्यांचे हँडब्रेक धरत नव्हते. दुरुस्ती होईपर्यंत त्या थांबवल्या गेल्या, आणि खोट्या नोंदींबद्दल नोटीस निघाली. गावात बोभाटा झाला. भाडी दुसऱ्यांकडे गेली. मालकाने कुणाला दोष दिला नाही.

तीन आठवड्यांनी पहिली दुरुस्त गाडी सुटायची होती. मालकाने नवी वही आणली, सोपानच्या हातात दिली आणि म्हणाला, “यापुढं गाडी चालवणारानंच लिहायचं.”

सोपानने गाडी तपासली. मग बॉनेटवर वही ठेवून पेन उघडले, पण लिहिले नाही. त्याने मालकाकडे पाहिले आणि अगदी साधेपणाने विचारले, “खरं लिहू का, मालक?”

बारा वर्षे आपल्याकडे राबलेल्या माणसाला हे विचारावे लागते, याच्यापुढे साहेबांची नोटीस मालकाला काहीच वाटली नाही. त्याने होकारार्थी मान हलवली.

“मागचा डावा टायर गुळगुळीत झालाय,” सोपान म्हणाला, आणि तसे त्याने लिहिले. गाडी त्या दिवशी सुटली नाही.

आपल्या हाताखालच्या माणसाला खरे सांगण्यापूर्वी आपली परवानगी मागावीशी वाटते का, एवढे प्रत्येकाने घरी आणि कचेरीत एकदा पाहावे.