हळदीत उभा माणूस

एका गावात एक ड्रोन आला. गावाचं नाव कवठाळी, पीक हळदीचं. ड्रोन असा हुशार, की वरून घिरट्या घालत फोटो काढायचा आणि खाली मोबाइलवर सांगायचा, या हळदीवर करपा रोग पडलाय, त्या हळदीवर नाही. गावात बोलवा झाली, की उद्या पडायचा करपा तो आजच ओळखतो आणि कुणाच्या घरात काय शिजतंय तेही वरून सांगतो. यातलं निम्मं तुम्ही सोडून द्या.

ड्रोनला हे शिकवलं होतं शर्वरी ढोबळेनं. ती विद्यापीठात पीएच.डी. करत होती. शिकवायची रीत अशी: यंत्राला रोगट हळदीचे ढीगभर फोटो दाखवायचे, निरोगी हळदीचे ढीगभर दाखवायचे आणि म्हणायचं, फरक तुझा तू शोध. यंत्र शोधतं. काय शोधलं, ते मात्र सांगत नाही. याला डीप लर्निंग म्हणतात. शाळेतही काही मुलं अशीच पास होतात.

प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. परीक्षक थेट शेतात येणार होत्या. ड्रोननं बरोबर सांगितलं की झालं, शर्वरीची पदवी पक्की. आणि गावानं ठरवून टाकलं होतं, की यंदा ड्रोन सांगेल तिथंच औषध मारायचं. दादाराव तिडक्यांनी तर फवारणीचा पंप माळ्यावर टाकलासुद्धा.

आदल्या दिवशी शर्वरीनं दादारावांच्या शेतावर ड्रोन उडवून पाहिला. हळद हिरवीगार. मोबाइल म्हणाला, निरोगी. तेवढ्यात दादारावांच्या बायको अनुसयाकाकू शेळीमागं पळत हळदीत शिरल्या. मोबाइल म्हणाला, करपा. काकू बाहेर आल्या. निरोगी.

"काकू, जरा परत आत जाता का?"

"अगं, शेळी सापडली की."

"शेळी राहू द्या. तुम्ही जा."

काकू गेल्या. करपा. काकूंना काढून शेळीला आत सोडलं. निरोगी!

शर्वरीनं बांधावर बसून जुने फोटो उघडले. रोगट हळदीच्या प्रत्येक फोटोत कुणीतरी माणूस उभा होता. असणारच! करपा पडला, की शेतकरी फोन करायचा, "मॅडम, या लवकर." मॅडम आल्या, की स्वतः मधोमध उभा राहून वर बघत बोट दाखवायचा, "हे बघा, इथं." निरोगी शेतात कोण कशाला बोलावतंय? तिथले फोटो मोकळ्या शेतांचे. यंत्रानं फरक शोधला होता, तो पानांचा नव्हता. माणूस दिसला की रोग, नाही दिसला की निरोगी!

तिनं मार्गदर्शकांना, कुंभोजकर सरांना, फोन केला. सर म्हणाले, "उद्या सगळ्यांना बांधावर थांबव. शेतात कुणी शिरायचं नाही. पदवी हातात पडू दे, मग सावकाश दुरुस्त कर."

शर्वरी "बरं" म्हणाली. बांधाच्या कडेनं दोरी बांधून टाकली.

दुसऱ्या दिवशी गाव दोरीच्या अलीकडे उभं राहिलं, कुंभोजकर सरही आले. ड्रोन उडाला, निरोगी म्हणाला, टाळ्या पडल्या. परीक्षक डॉ. इनामदार मोबाइल हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन."

तेवढ्यात दादाराव पुढं आले. "मॅडम, मग ओढ्याकडच्या तुकड्यालाबी औषध नको ना? तिकडं आम्ही कुणी फिरकत नाही. पण तुमचा ड्रोन परवाच फिरून आला, निरोगी म्हणाला."

शर्वरीनं सरांकडे पाहिलं. सर ड्रोनकडे असे पाहत होते, जणू तो शेजारच्या गावाचा आहे. मग ती दोरीखालून वाकली आणि हळदीत जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मोबाइलवर बघा."

"करपा," इनामदारबाई म्हणाल्या. "खात्री जवळजवळ शंभर टक्के."

"हा पानं बघत नाही, माणूस बघतो. मी चुकीचं शिकवलं. मला कालच कळलं होतं. दादाराव, तो तुकडा आत्ताच बघून या."

इनामदारबाईंनी साडीचा पदर खोचला. "मलाही लागण आहे का बघू," म्हणत आत शिरल्या. होती. मग सरपंच फेट्यासकट शिरले. त्यांना तर मोबाइल दुरूनच ओळखू लागला. गाव पोट धरून हसलं. दादाराव तेवढे हसले नाहीत. ते ओढ्याकडे पळाले होते. तुकड्याच्या एका कोपऱ्यात करपा पसरू लागला होता. पंप माळ्यावरून खाली आला. कोपरा गेला, बाकीची हळद वाचली.

शर्वरीची पदवी लांबणीवर पडली. तिनं जुन्या फोटोंच्या जोडीला नवे काढले. रोगट शेतातून माणसं बाहेर काढायची आणि निरोगी शेतात मुद्दाम उभी करायची. गाव हौसेनं उभं राहिलं. कुणी हळदीत बसून भाकरी खाल्ली, कुणी झोप काढली, एकानं तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम तिथंच उरकला म्हणतात. इतकी माणसं बघून यंत्र पार कंटाळलं आणि शेवटी नाइलाजानं पानांकडे बघू लागलं.

पुढच्या हंगामात इनामदारबाई परत आल्या. दोरी नव्हती. ओढ्याकडच्या निर्मनुष्य तुकड्यावर ड्रोननं बरोबर करपा दाखवला. घराजवळच्या हळदीत अनुसयाकाकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मोबाइल म्हणाला, निरोगी.

"ऐकलं का हो?" काकू दादारावांना म्हणाल्या. "मी पास झाले. आता तुम्ही उभं राहून बघा."

तात्पर्य: झाकलेली चूक आपल्याला शाबासकी मिळवून देते, पण तिची किंमत आपल्यावर विश्वास टाकणारा मोजतो, म्हणून चूक कळताच ती आधी त्याला सांगावी.