दात्याचं नाव

“दात्याचं नाव?”

भंते नागितांनी हात पुढे केला नव्हता. पेरूंची पिशवी शेवंताबाईच्या हातात तशीच लोंबकळत होती.

“आता माहं नाव तुमाले ठाऊक नाही का, भंते? शेवंता.”

“झाड तू लावलंस?”

“नाही जी. झाड सासऱ्यानं लावलं. मी त नुसते तोडून आणले.”

“मग?”

शेवंताबाई ओशाळून हसली. “तुळशीराम वासनिक. त्याईले जाऊन बहुत वर्षं झाले.”

आता भंतेंचे दोन्ही हात पुढे आले. त्यांनी पेरू घेतले आणि तुळशीराम वासनिकांच्या नावानं गाथा म्हटली. पूर्वी ही गाथा ते एका दमात म्हणत. आता मधेच थांबत, तोंड उघडून हवा घेत, आणि पुढचा शब्द उचलत. शेवंताबाई हात जोडून, न चुळबुळता उभी राहिली.

हातात दिल्याशिवाय भिक्खूनं काही खायचं नाही, हा नियम जुना आहे. दाता खरोखर कोण हे कळल्याशिवाय घ्यायचं नाही, ही भर मात्र भंतेंची स्वतःची. सुरुवातीला गावाला त्याचा वैताग यायचा. भाजी आणावी तर ही उलटतपासणी! पण त्यापायी कितीतरी घरांत गेलेल्या माणसांची नावं तोंडी राहिली, हेही खरं.

डॉक्टर अनोमा गजभिये हे सगळं विहाराच्या ओट्यावर बसून पाहत होती. नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात ती छातीच्या विकारांची डॉक्टर. संध्याकाळी तिचा सत्कार होता, म्हणून रेशमी साडी नेसून आली होती. ताटकळायची सवय डॉक्टरांना नसते, ती पेशंटांना असते. पण इथं ती मुकाट बसली. याच विहाराच्या अभ्यासिकेत, याच भंतेंसमोर पाढे म्हणत ती मोठी झाली होती.

शेवंताबाई पायऱ्या उतरून गेली, तशी अनोमा पुढे सरकली. तिनं वाकून वंदन केलं.

“भंते, औषध लागू पडलं.”

“साधु! साधु! साधु!” भंतेंचा चेहरा फुलला. आनंदात त्यांनी एक साधु जास्तच जोरात म्हटला आणि खोकल्याची उबळ आली. “किती... लागू पडलं?”

“फुप्फुसं घट्ट व्हायची थांबत नाहीत. पण वेग निम्म्यावर येतो. चालू औषधांच्या वर एवढा फरक पडेल, असं मलाही वाटलं नव्हतं.”

हाच आजार भंतेंना होता. अनोमानं नव्या औषधाची चाचणी घेतली, तिच्यात वर्षभर तेही होते. नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच. वरून सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नवं औषध, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसती पूड. कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं संगणकानं ठरवलेलं. हे सगळं समजावून सांगून, सही घेऊनच प्रत्येकाला आत घेतलं होतं.

परवा ते गुपित उघडलं होतं.

“मग तोंड असं का?” भंतेंनी विचारलं. “सत्काराला निघालेल्या बाईचं तोंड असं असतं?”

“तुम्हाला पूड मिळाली, भंते.”

“...कसली?”

“नुसती पूड. वर्षभर. तुमच्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतंच.”

भंतेंना हसू फुटलं. हसू आलं की त्यांचा दम जायचा, आणि दम गेला तरी हसू थांबायचं नाही.

“रोज वेळेवर घेतली मी,” ते कसेबसे म्हणाले. “जेवणानंतर. तू सांगितलं होतंस तशी... जेवणानंतरच.”

“हसू नका.” अनोमाचा आवाज चढला. “मला दोन दिवस घास उतरत नाहीये. माझं औषध. माझी चाचणी. अनोळखी माणसांचा दम वाचला आणि तुमचा मी जाऊ दिला. तुमचं वर्ष घेतलं मी.”

“तू कुठं घेतलंस? मी सही करून दिलं.”

“तुम्हाला कुठं माहीत होतं...”

“तुला तरी कुठं माहीत होतं?”



खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत भंते श्वास गोळा करत राहिले.

“मला एक सांग. औषध लागू पडलं, हे कळलं कसं?”

“ते फुंकायचं मशीन आहे ना. दर वेळी मोजलं. औषध घेणाऱ्यांचा दम कमी घसरला.”

“कमी. कोणापेक्षा?”

अनोमा साडीच्या काठाशी चाळा करत राहिली.

“कोणापेक्षा, अनोमा?”

“...तुमच्यापेक्षा.”

“हं.” भंतेंनी समाधानानं मान हलवली. “म्हणजे मी काही वर्षभर रिकामा बसलो नव्हतो.”

तिला हसूही आलं आणि रडूही आलं. लहानपणी पाढा चुकला की हे असंच करत. रागवायचे नाहीत, फक्त चुकलेल्या जागी परत आणून सोडायचे.

“कौतिकाबाईंच्या कॅप्सूलमध्ये काय होतं?” भंतेंनी एकाएकी विचारलं.

“कोण कौतिकाबाई?”

“माझ्या शेजारी बसायच्या, तुझ्या ओपीडीच्या बाकावर. भाजी विकायच्या. हिरवं लुगडं.”

अनोमानं डोळे बारीक केले. आधी तिला चाचणीतला नंबर आठवला, चेहरा मागून आला.

“त्या पौषात गेल्या, भंते.”

“ते मला ठाऊक आहे. कॅप्सूलमध्ये काय होतं ते विचारतोय.”

“तुमच्यासारखंच. पूड.”

भंतेंनी डोळे मिटले. छातीचा भाता तेवढा हलत होता...

“त्यांना वाटायचं, आपल्याला खरी मिळाली,” शेवटी ते म्हणाले. “पहिल्या महिन्यापासून. मला म्हणायच्या, ‘मले त खरीच भेटली, भंतेजी. पाहा न, जिना चढून आली मी.’ जिना चढून आल्या की अर्धा तास बोलता यायचं नाही त्यांना. पण बोलायला लागल्या की पहिलं वाक्य हेच.”

“असं होतं बऱ्याचदा,” अनोमा हळूच म्हणाली. “पूड घेऊनही बरं वाटतं काहींना.”

“एकदा मला फार दम लागला होता. त्यांनी पाहिलं. पदराखालून डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. ‘तुमाले खोटी भेटलेली दिसते. माह्यातल्या निम्म्या घ्या. मले एकात भागते.’”

अनोमाचा हात तोंडाशी गेला.

“घेतल्यात?”

“नाही घेतल्या. म्हटलं, डॉक्टरीणबाईचा प्रयोग बिघडेल. तर माझ्यावर उखडल्या. ‘मंग बिघडू द्या! माणूस मोठा का प्रयोग मोठा?’” भंते थांबले. “मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.”

वाऱ्यानं ओट्यावरची दोनचार पानं सरकली.

“पण माझ्या नकाराचं त्यांनी मनावर घेतलं. पुढे एकही कॅप्सूल कोणाला दिली नाही, की स्वतः चुकवली नाही. त्यांची सून सांगत होती.”

अनोमाला आता सगळं आठवत होतं. कौतिकाबाई शेवटच्या मोजणीला नातवाच्या स्कूटरवर मागून धरून बसून आल्या होत्या. ओठ निळे. सिस्टर म्हणाली, आजी, आज नका फुंकू, घरी जा, झोपा. तर आजींनी मशीनची नळी स्वतःच ओढून घेतली. म्हणाल्या, डॉक्टरीणबाईनं सांगतलं हाय, एक बी खाडा नाही पाह्यजे. फुंकल्या. आकडा इतका खाली आला की सिस्टरनं दुसऱ्यांदा फुंकायला सांगितलं. दुसऱ्यांदाही फुंकल्या. मग अनोमाकडे बघून, बोलता येईना म्हणून, नुसता हात उंचावून रामराम केला.

आणि अनोमानं, घाईत, मान हलवली होती.

तो आकडा सगळ्या निकालात होता. तो नसता तर, त्याच्यासारखे बाकीचे नसते, तर औषध घेणाऱ्यांचा दम कशाहून बरा राहिला, हे जगात कोणाला सांगता आलं नसतं.

“मी त्यांना नीट रामरामसुद्धा केला नाही, भंते,” ती म्हणाली.



तिनं पर्समधून पांढरी बाटली काढली. झाकणाचं सील अजून तुटलेलं नव्हतं. चाचणी संपल्यावर ज्यांना पूड मिळाली त्यांनाही औषध द्यायचं, असं आधीच ठरलं होतं. बाकीच्यांना इस्पितळातून फोन जाणार होते. भंतेंची बाटली मात्र ती स्वतः घेऊन आली होती. गेलेला दम या औषधानं परत येणार नव्हता. उरलेला मात्र राखता आला असता, आणि उशीर होईल तेवढा तोही कमी होणार होता.

“आजपासून सुरू करायचं. आत्ता, माझ्यासमोर.”

तिनं उजव्या हाताला डावा लावून बाटली पुढे धरली, लहानपणी शिकली होती तशी.

भंतेंचे हात मांडीवर होते. तिथंच राहिले.

“दात्याचं नाव?”

“भंते...”

ते वाट पाहत राहिले.

“औषध कंपनीनं दिलंय. फुकट. चाचणीतल्या सगळ्यांना.”

भंते नुसते बघत होते.

“इस्पितळाच्या नावानं घ्या, मग.”

काहीच नाही. श्वास आत जाताना सुकलेल्या पानासारखा करकरत होता, तो आवाज तिला स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येत होता. तिचा धीर सुटला.

“माझं नाव घ्या! डॉक्टर अनोमा गजभिये. सात वर्षं घातलीत मी यात. लग्न पुढे ढकललं, आईच्या दुखण्यात घरी गेले नाही. माझं नाव काही खोटं नाही ना?”

“खोटं नाही,” भंते मायेनं म्हणाले.

त्यांनी शेवंताबाईच्या पिशवीत हात घातला, एक पेरू निवडला, आणि तो तिच्या पुढ्यात ठेवला.

अनोमा पेरूकडे बघत राहिली.

देठाला एक पान तसंच राहिलं होतं. शेवंताबाईनं नुसता तोडून आणलेला पेरू...

डोळ्यांतलं पाणी रेशमी साडीवर पडलं, ते तिनं पुसलं नाही. आयुष्यात इतकी माणसं आपल्याला देत आली आणि आपण त्यांना नंबर देत गेलो, असं तिला वाटलं, आणि वाटलं तेव्हा लाजेपेक्षा तिला भरूनच जास्त आलं. कोणीतरी पदराखालून डबी काढून आपल्यापुढे धरावी, तसं.

“कौतिकाबाई,” ती म्हणाली. आडनाव पटकन येईना. तिनं डोळे मिटून घेतले. “नेहारे. कौतिकाबाई नेहारे.”

भंतेंचे दोन्ही हात पुढे आले. त्यांनी बाटली घेतली, कपाळाला लावली, आणि कौतिकाबाई नेहारेंच्या नावानं गाथा सुरू केली.

दुसऱ्या ओळीला दम संपला.

ते थांबले, हवेसाठी तोंड उघडलं... आणि राहिलेला शब्द अनोमानं म्हटला. इतक्या वर्षांनी तो तिच्या तोंडात होता. पुढे जिथं जिथं ते अडले, तिथं तिनं गाथा उचलली, आणि त्यांना हवा मिळाली की परत त्यांच्या हवाली केली. दोघांनी मिळून ती शेवटपर्यंत नेली.

मग भंतेंनी सील तोडलं, एक कॅप्सूल तळहातावर घेतली आणि उन्हात धरून तिचा रंग पाहिला.

“दिसायला तश्शीच आहे,” ते म्हणाले. “आण आता पाणी.”