सुईभाजीचं बी

फार जुन्या काळची गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात एक बाई राहायची. तिचं एकच शेत, तेही खाडीला अगदी चिकटून. एका उधाणाला बांध फुटला, समुद्र शेतात शिरला आणि माती अशी खारवली, की भात लावला की पिवळा पडून मान टाकायचा.

शेवटी जमिनीचा सारा वसूल करणारा गावचा खोत येऊन म्हणाला, "बाई, होळीपर्यंत इथं काही हिरवं दिसलं तर शेत तुझं. नाहीतर मी इथं मिठागर करणार."

त्याच थंडीत एक गलबत दुरुस्तीसाठी खाडीत लागलं. त्यावर दूर समुद्रापलीकडच्या, जैतुनाची झाडं असलेल्या देशातला एक खलाशी होता. बाईने त्याला पेज आणि सुका बांगडा वाढला. पोटभर जेवून त्याने तिच्या पांढऱ्या पडलेल्या शेताकडे पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"हसायला काय झालं?" बाई भडकली.

"अगं, अशा मातीतली भाजी आहे आमच्याकडे!" त्याने कमरेची बियांची पुरचुंडी सोडून तिच्या हातावर ठेवली. "हिला खारं चालतं. पण याच थंडीत पेर, आणि सगळं पेर. ठेवलंस तर बी मरेल. उगवेल थोडंच, पण तेवढं पुरेल."

तो गेला न गेला तोच कुंपणावरून शेजारची मावशी डोकावली. तिने सगळं ऐकलेलंच होतं.

"सगळं पेरणार? खुळी का गो तू? निम्मं राखेत ठेव. नाही उगवलं तर पुढच्या साली काय पेरशील, कपाळ?"

गावाची रीतच होती तशी. बी हातात आलं की निम्मं मडक्यात, राखेत. रिकामं मडकं दिसलं की बायका हळहळायच्या. बाईनेही जन्मभर तेच केलं होतं. तिने मडकं काढलं, मूठ आत नेली आणि तिथंच थांबली.

'भाताचं मला ठाऊक,' ती मनाशी म्हणाली, 'पण याचं त्याला ठाऊक.'

तिने सगळं पेरलं. एक मूठ तेवढी मावशीने मागून नेली.

"पेर हं मावशी!"

"हो हो," म्हणत मावशी घरी गेली आणि ते बी तिने राखेत पुरलं. या खुळीचीच पुढच्या सालाची सोय, दुसरं काय!

मग रोज सकाळी बाई शेतात उकिडवी बसायची आणि कुंपणावरून मावशी विचारायची, "उगवलं का गो?" उत्तर एकच, "नाही." बाईचं जेवणावरून लक्ष उडालं. होळी तर जवळ येत होती.

आणि एका सकाळी आरोळी आली, "मावशीऽ! धाव, धाव!"

मावशी एकाच पायात वहाण घालून धावली. बघते तर काय! मातीतून सुईसारखे हिरवे कोंब! एक इथं, दोन तिथं, मधे सगळं मोकळंच.

"एवढंसंच?"

"एवढंच पुरे! तो म्हणालाच होता!" बाईने मावशीचे हात धरले आणि दोघी बांधावर फुगडी घालायला लागल्या.

होळीला खोत आला, तोवर कोंबांची चांगली झुडपं झाली होती. बाईने लसूण-खोबरं घालून ती सुईभाजी वाढली.

खोत म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय."

"मी घातलेलंच नाही!"

खोताने शेताकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं. "आणखी वाढ. शेत तुझं. बी धरलं की मलाही दे."

पुढची थंडी लागताच मावशीने राखेतलं बी काढलं, हळदकुंकू वाहून पेरलं. एक कोंब आला नाही. तोंड एवढंसं करून ती बाईकडे आली.

"किती जपलं होतं गो मी!"

"जपलंस म्हणूनच मेलं, मावशी. ओंजळ कर." बाईने या साली पिकलेलं ताजं बी तिच्या ओंजळीत ओतलं.

मावशी खूश होऊन निघाली, ती सवयीने थेट स्वयंपाकघराकडे.

"मावशी! घरात नाही, शेतात!"

मावशीने जीभ चावली, पदर खोचला आणि शेताकडे पळत सुटली.

तात्पर्य इतकंच, की नव्या वस्तूची रीत ती आणणाऱ्याला विचारावी. आणि ज्याला आजच पेरायचं, ते उद्यासाठी झाकून ठेवू नये.